हवा द्यावी की नाही

चार नंबरच्या टेबलावरचा माणूस काही रागावला नव्हता. उलट जरा ओशाळूनच त्याने ग्लास तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "ताई, माझंच चुकत असेल, पण हिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय. बघता का जरा?" तिने ग्लास दांडीला धरून उचलला, एकदा गोल फिरवला आणि नाकाशी नेला. या हॉटेलात वाइनची जबाबदारी तिच्याकडे आली त्याला बावीस वर्षं झाली होती. बाटली कुठली घ्यावी, कधी उघडावी, तशीच ग्लासात ओतावी की आधी रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत ओतून तिला हवा खाऊ द्यावी, हे सगळं तिच्या नाकावर चालायचं. टेबल राखून ठेवताना लोक विचारायचे, दुपारी त्या बाई आहेत ना? तर तिने ग्लास नाकाशी नेला, आणि तिथे काहीच नव्हतं. वाइन होती, तिचा गडद रंग काचेवरून सावकाश खाली ओघळत होता, पण वास नव्हता. चांगला नाही, वाईट नाही, कसलाच नाही. तोंड मात्र सवयीने बोलून गेलं, "बरोबर आहे साहेब. बुचाला बुरशी लागलीय. दुसरी आणते." आणि ती वळून चालू लागली, पाठ ताठ ठेवून, कारण पाठीवर अख्ख्या खोलीची नजर आहे असं तिला एकाएकी वाटायला लागलं होतं.

पाच मिनिटांपूर्वी हीच बाटली तिने स्वतः उघडली होती. घोटभर ओतून हुंगली होती, मान हलवली होती, "मस्त आहे, पण अर्धा तास थांबलात तर आणखी खुलेल," असंही म्हणाली होती. त्यात खोटं काही नव्हतं. तिला वास आला होता. काळ्या द्राक्षांच्या सालीचा, किंचित मिऱ्याचा, नव्या चामड्याचा. आला होता ना? की लेबल वाचलं आणि ही वाइन म्हणजे हे हे वास, असं डोक्याने नाकाला परस्पर कळवून टाकलं? मागच्या आठवड्यात ती चार दिवस तापात पडून होती. उठल्यावर तोंडाला चव नव्हती, पण तापानंतर ती कुणाला असते? कामावर येऊन तीन दिवस झाले होते. या तीन दिवसांत तिने किती बाटल्या उघडल्या असतील, तीस, चाळीस? त्यातल्या किती हुंगल्या आणि किती नुसत्या आठवल्या?

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आचारी, ज्याला सगळे भाऊ म्हणायचे, परातीत लसूण ठेचत होता. ती त्याच्या खांद्यावरून वाकली. "काय ताई, भूक लागली?" त्याने विचारलं. ती हसली. लसणाचा वास नव्हता. तिने व्हिनेगरची बाटली उघडली, नाकाच्या आत टोचल्यासारखं झालं, पण वास नव्हता. मागच्या बाजूला, जिथे फरशी पुसायच्या बादल्या असतात, तिथे तिने दार लावून घेतलं आणि अमोनियाच्या डब्याचं झाकण काढलं. डोळ्यांतून पाणी आलं, घशापर्यंत आग गेली, आणि त्या आगीला वास नव्हता. नाक चोंदलेलं असतं तरी तिला धीर आला असता. पण नाक मोकळं होतं, दोन्ही नाकपुड्यांतून श्वास सुळकन आत जात होता, थंड, स्वच्छ, रिकामा. डबा हातात धरून ती किती वेळ उभी राहिली कोण जाणे. बाहेरून भाऊने दार वाजवलं, "ताई, चार नंबर विचारतायत."

तिला हे काम शिकवलं ते या हॉटेलाच्या तळघराची राखण करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. ती तेव्हा नुसती ताटं उचलायची. एकदा उष्टे ग्लास गोळा करताना ती सहज म्हणाली होती, यातला एक ग्लास दुसऱ्या बाटलीतला आहे, आणि मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं होतं. त्यानंतर सात वर्षं ती त्यांच्या मागे मागे फिरली. लोकांना वाटतं बूच काढून बाटली टेबलावर ठेवली की तिला हवा लागते, मास्तर म्हणायचे, "बोटभर रुंदीच्या मानेतून हवा लागणार ती कितीशी? चावीच्या भोकातून खोली थंड करायला निघालेत." हवा द्यायची तर ती बाहेर काढून द्यायची. नवी वाइन म्हणजे शाळेतून आलेलं पोर, दप्तर काढून घ्यायचं आणि मैदानात सोडून द्यायचं. सुरईत वरून धबधबा ओता, तासभर विसरून जा. जुनी वाइन म्हणजे दवाखान्यातून घरी आणलेलं माणूस. तिची खिडकी बोटभर उघडायची, आणि उशाशी बसून राहायचं. काही जुन्या बाटल्या उघडल्यावर घुसमटलेल्या असतात, थोडा वेळ दिला की बोलायला लागतात. आणि काही अशा असतात की हवा लागली की दहा मिनिटांत संपतात, हातातल्या ग्लासात, तुमच्या डोळ्यांदेखत. "यातली कुठली कोणती, ते कसं ओळखायचं?" तिने विचारलं होतं. मास्तरांनी नुसतं स्वतःच्या नाकावर बोट टेकवलं होतं, आणि मग तिच्या.

तिने कुणाला सांगितलं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो काळजीने अर्धा होईल आणि मग त्याची काळजी तिला करावी लागेल, असं तिने स्वतःला समजावलं. नवरा मुद्रितशोधक होता. छापायला जाणारी पुस्तकं घरी आणून ओळ न् ओळ तपासायचा, पाचशे पानांत हरवलेला एक अनुस्वार त्याला सापडायचा. पण बायको चहाचा कप तोंडाशी नेण्याआधी पूर्वी क्षणभर थांबायची आणि आता थांबत नाही, हे काही त्याला दिसलं नाही. मालकांना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. ती डॉक्टरांकडे गेली तीही एका सुट्टीच्या दिवशी, बाजारात जाते म्हणून. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिलं, चार बाटल्या एकामागून एक नाकाखाली धरल्या आणि कागदावर चार फुल्या मारल्या. "तापात आतली नस दुखावते कधीकधी. परत येतो वास. महिन्यात येतो, वर्षात येतो."

"आणि नाही आला तर?"

"काही जणांना नाही येत," डॉक्टर म्हणाले, आणि मग तिचा चेहरा पाहून घाईने, "पण तसं फारसं अडत नाही हो. डोळे, कान यांच्यासारखं नाही ते. सवय होते. तुम्ही काम काय करता?"

"हॉटेलात आहे," ती म्हणाली.

अडत नाही, हे मात्र खरं निघालं, आणि तेच फार भयंकर होतं. तिचं अडलं नाही. सगळ्या नव्या वाइन ती सुरईत ओतायची, वेळ घड्याळावर मोजायची. कुणाचं काही बिघडलं नाही. बाटली उघडली की आधी गिऱ्हाइकाला घोटभर द्यायची आणि वाइनकडे न बघता त्याच्या नाकपुड्यांकडे बघायची. माणसाला वास आवडला की त्याच्या भुवया सैल पडतात, नाही आवडला की वरचा ओठ केसभर आखडतो, हे तिला आठवडाभरात पाठ झालं. ते म्हणायच्या आत तीच म्हणायची, "थोडी बंद आहे ना अजून? दहा मिनिटं द्या." आणि ते चकित व्हायचे. एका बाईंनी तर जाताना मालकांना सांगितलं, "तुमच्या या ताई म्हणजे जादू आहे." मालकांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि ती हसली, आणि रिकामे ग्लास उचलून आत गेली. खरेपणाने काम केलं त्या बावीस वर्षांत कुणी तिला जादू म्हटलं नव्हतं.

पण रस्त्याने चालताना, जिना चढताना, अंघोळ करताना ती घाबरलेली असायची. वास नसला की जगाला जाडी राहत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं असतं, पण काचेपलीकडे असतं. नवऱ्याच्या शर्टात तिने तोंड खुपसलं तर गालाला कापड लागायचं, मऊ, उबदार, पण ते कुणाचंही असू शकलं असतं. तिची उशी दुकानातल्या उशीसारखी झाली होती. स्वतःच्या अंगाला वास येतोय की नाही हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती दिवसातून तीनदा अंग धुवायची, कपडे बदलायची, आणि बसमध्ये शेजारचा माणूस उठून गेला की तिला वाटायचं, माझ्यामुळे गेला. आणि तेव्हा तिला वडील आठवायचे.

वडिलांना वास येत नसे. रंगाच्या कारखान्यात पिंपांवर काम करता करता केव्हातरी त्यांचं नाक गेलं, आणि गेलं हेही त्यांना उशिरा कळलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात तिला बाबांचं नाक म्हणायचे. दूध नासलंय का, भाजी उतरलीय का, ते तिलाच बोलवायचे, वाकून तिच्या उंचीला यायचे आणि म्हणायचे, "बघ गं जरा, बाबांसाठी." तिला त्याचा अभिमान होता, आणि कंटाळाही होता. एक दिवस त्यांना कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी भेटायला बोलवलं. पिंपांवरून काढून आत टेबलावर बसवायचं घाटत होतं. वडिलांनी ठेवणीतला शर्ट काढला. तो कपाटात ओलसरच ठेवला गेला होता, त्याला कुबट वास मारत होता, आणि बाहेर तिच्या मैत्रिणी तिला हाका मारत होत्या. "येतो का गं वास?" वडिलांनी विचारलं. तिने नाक लावलं. वास येतो म्हटलं असतं तर दुसरा शर्ट शोधायला, इस्त्री करायला, तिलाच थांबावं लागलं असतं. "नाही," ती म्हणाली, आणि पळाली. संध्याकाळी ते परत आले तेव्हा तोच शर्ट घालून खुर्चीत बसून राहिले होते. आईला सांगत होते, साहेबांनी मध्येच उठून खिडकी उघडली, आणि मग लवकर आटपलं. नंतर त्यांनी तिला हाक मारली. "खरं सांग हं. शर्टाला वास येत होता का?" ती तेव्हाही नाही म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मग दुसरंच काहीतरी असेल." ते तिच्यावर विश्वास ठेवून म्हातारे झाले, पिंपांवरच, आणि गेले. ही गोष्ट तिने पुढे कुणालाही सांगितली नाही. इतक्या वर्षांत ती तिला फारशी आठवलीही नव्हती. आता रोज आठवत होती. अंघोळीनंतर ती टॉवेल नाकाशी धरून उभी राहायची तेव्हा ती वडिलांसारखी वाकलेली असायची, आणि समोर उंचीला कुणी नसायचं.

आठव्या दिवशी सकाळी तिने चहा ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. चहा उतू गेला, ज्योत विझली, आणि तिला आवाजही आला नाही. नवरा खाली वर्तमानपत्र आणायला गेला होता. तो दारात शिरला आणि एकदम ओरडला, तिने त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. त्याने धावत जाऊन बटण फिरवलं, खिडक्या सताड उघडल्या, तिला दंडाला धरून बाहेर काढलं. जिन्यात उभं राहून दोघं धापा टाकत होते. "घर भरलंय गॅसने! वास येत नाही का तुला?" लोक असं म्हणतातच, रागाने, उत्तराची अपेक्षा न ठेवता. तिने तोंड उघडलं. सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती? "सर्दी झालीय," ती म्हणाली. आणि तो लगेच मवाळ झाला, म्हणाला, "अगं मग सांगायचं नाही का," आणि तिच्यासाठी आल्याचा काढा करायला गेला. तो काढा तिने त्याच्यासमोर पूर्ण प्यायला. गरम, तिखट, बस.

त्याच दुपारी पूलवाल्या साहेबांचा फोन आला. हे एक निवृत्त इंजिनिअर, सगळं आयुष्य पूल बांधण्यात गेलेलं, बायकोबरोबर महिन्यातून एकदा जेवायला यायचे. बायको शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या लग्नात एका मित्राने एक बाटली दिली होती, लग्नाच्याच वर्षाची, आणि सांगितलं होतं, चाळीस वर्षांनी उघडा. तुम्ही टिकलात आणि ती टिकली तर. घरात उन्हाळ्यात खराब होईल म्हणून बारा वर्षांपूर्वी ती त्यांनी या हॉटेलाच्या तळघरात आणून ठेवली होती, आणि दर वर्षी एकदा तिला सोबत घेऊन खाली उतरायचे, बाटली बघून जायचे, नुसते बघून. "रविवारी दुपारी येतोय," साहेब फोनवर म्हणाले. "चाळीस पुढच्या वर्षी होतात खरं. पण हिचं एक ऑपरेशन झालं, दुसरं बुधवारी आहे. म्हटलं, थांबू नये." मग त्यांनी विचारलं, "मला सांगा, आधी उघडून ठेवायची का? हवा द्यायची की नाही? मी वाचलं काही काही, पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो." आणि ती, इतक्या वर्षांच्या सवयीने, म्हणाली, "ते आधी ठरवता येत नाही साहेब. उघडल्यावर नाकाने ठरवू." फोन ठेवल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते.

शुक्रवारी तिने बाटली आडवीची उभी केली, गाळ खाली बसावा म्हणून. तळघरात जाऊन ती दिवसातून चार वेळा तिच्याकडे बघून यायची. बाटलीतली वाइनची पातळी, बूच, रंग, जे जे डोळ्यांना कळण्यासारखं होतं ते ते तिने पाहून घेतलं. आजारी पडावं, रजा टाकावी, असंही मनात आलं. भाऊला हुंगायला लावावं, असं आलं. पण भाऊ दिवसभर लसणात आणि धुरात, आणि त्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉटेलाला कळणार. शनिवारी तिने ठरवलं, हवा द्यायचीच नाही. सरळ ओतायची. मग रविवारी सकाळी वाटलं, आणि घुसमटलेली निघाली तर? त्या बाई पहिला घोट घेतील, त्यांना बंद पेटीचा वास येईल, त्या काही बोलणार नाहीत, साहेबांसाठी छान म्हणतील, आणि बुधवारी जातील.

ते दोघं साडेबाराला आले. बाई वाळल्या होत्या, पण केस नीट बांधलेले, आणि नजर तशीच, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारी. खिडकीजवळचं टेबल. मालक स्वतः येऊन नमस्कार करून गेले. तिने बाटली आणली, न हलवता, तान्ह्या मुलाला झोपेत उचलावं तशी. बूच निम्म्यावर तुटलं. उरलेलं तिने पात्याने अलगद वर घेतलं, भुगा आत पडू दिला नाही. एवढं हातांनी केलं. मग तिने दोन घोट ग्लासात ओतले. कडेला विटकरी, मध्ये फिकट डाळिंबी, आरपार दिसणारा रंग. जिवंत असू शकेल, नसूही शकेल. तिने ग्लास नाकाशी नेला. दोघं बघत होते. साहेबांनी टेबलावर दोन्ही तळवे पालथे टेकले होते, खालून काहीतरी हादरणार आहे असे.

"थोडी..." ती म्हणाली. "थोडी हवा द्यावी लागेल. वीसेक मिनिटं. सुरईत ओतते."

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "तुम्ही आत्ता श्वास घेतलाच नाहीत."

तिचा हात तिथेच राहिला.

"तीस वर्षं मुलांना फळ्यापुढे उभं केलंय मी," बाई म्हणाल्या. "उत्तर येत नसलं की मुलं खडू असाच धरतात. लिहितोय असं दाखवतात. काय झालंय?"

खोलीत चमचे वाजत होते, कुणीतरी हसत होतं. मालक दोन टेबलांपलीकडे उभे होते, ऐकू जाईल इतक्या अंतरावर. तिला वाटलं, अजूनही सांगता येईल, सर्दी आहे म्हणून. जीभ त्या शब्दापर्यंत गेलीही. "मला वास येत नाही," ती म्हणाली. "अकरा दिवस झाले. काहीच येत नाही. ही चांगली आहे की वाईट, हवा द्यावी की नाही, मला सांगता येणार नाही. मी अंदाजाने बोलत होते." मग तिने ग्लास नाकापासून खाली आणला.

साहेब बाटलीकडे बघत राहिले. बाईंनी हात पुढे केला. "आणा इकडे तो ग्लास. माझं नाक वापरू. सध्या डॉक्टरांनी उघडून न पाहिलेला तेवढाच अवयव उरलाय." साहेब म्हणाले, "अगं, काय बोलतेस." त्या म्हणाल्या, "खरं तेच बोलतेय. हं, मी हुंगते, तुम्ही विचारा. काय विचारायचं ते तर माहीत आहे ना तुम्हाला?"

ते माहीत होतं. तिने विचारलं, "आंबूस येतोय का? नखांना लावायच्या रंगासारखं झोंबतंय?" बाईंनी डोळे मिटले. "नाही. झोंबत नाही. बंद कपाट आहे. लोकरीचे कपडे ठेवलेलं." "कपाटाच्या मागे काही आहे का? घाई करू नका." "आहे. गोड आहे काहीतरी. पण लांब आहे, शेजारच्या घरात असल्यासारखं." आंबूस नाही, म्हणजे गेलेली नाही. बंद आहे, म्हणजे हवा हवीय. पण गोडवा लांब आहे, म्हणजे थोडाच उरलाय. सुरईत ओतली तर एका दमात उडून जाईल. "सुरई नको," ती म्हणाली. "ग्लासातच राहू दे. फिरवायचा नाही. दर दोन मिनिटांनी नुसतं नाक न्यायचं आणि मला सांगायचं." आणि हे बोलताना तिला त्या बाईंची भीती वाटली. या बाई काहीही सांगू शकतात. कंटाळून, दयेने, किंवा नवऱ्याला बरं वाटावं म्हणून त्या म्हणतील, छान आहे, आणि आपल्याला ते धरून चालावं लागेल. कुबट शर्ट घालून माणूस निघतो तो असाच निघतो. तिने बाईंच्या नाकपुड्यांकडे बघायचा प्रयत्न केला, अकरा दिवसांत शिकलेली विद्या, आणि बाईंनी डोळे न उघडता म्हटलं, "माझ्या तोंडाकडे बघू नका. मी सांगते ना."

दोन मिनिटं. कपाटच. चार मिनिटं. कपाटाचं दार जरा उघडलंय. सहाव्या मिनिटाला बाईंनी मान पुढे काढली, परत एकदा हुंगलं, आणि साहेबांकडे वळल्या. "अहो, तुमची ती पेटी. लाकडी, नकाशांच्या पेन्सिली असायच्या ती. आपण पहिल्या घरात होतो तेव्हा. तिचं झाकण सरकवल्यावर यायचा ना, तो." साहेब पुढे वाकले. "तुला आठवते ती?" "मला काही आठवत नाहीये. इथे आहे ती. आणि सुकं अंजीर आहे."

"आता," ती म्हणाली. "आता ओतते. ओतताना लागेल तेवढी हवा बाकीचीला पुरेल. हळू प्या, पण थांबू नका." तिने बाटलीच्या मानेखाली छोटा दिवा धरला, गाळाची पहिली काळी रेघ मानेशी आली तिथे हात थांबवला. दोघांचे ग्लास भरले. ती मागे सरकून उभी राहिली. ते दोघं पिऊ लागले. साहेब एकदा म्हणाले, "पेटीच आहे." बाई हसल्या. तिला काहीच येत नव्हतं. तिच्यापासून हातभर अंतरावर काहीतरी घडत होतं, तिनेच घडवलेलं, आणि ती त्याच्या बाहेर होती.

मग बाईंनी ग्लास खाली ठेवला. "गेला," त्या म्हणाल्या. "आत्ता होता. गेला."

साहेबांनी ग्लासात नाक घातलं. "नाही. आहे."

"नाही हो."

"आहे गं. थोडा आहे." आणि दोघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं, नकळत, टेबलावर काही वाद झाला की लोक तिच्याकडे पाहतात तसं. अशा क्षणी उत्तर देण्यातच तिची बावीस वर्षं गेली होती. ती म्हणाली, "मला माहीत नाही."

"असेल," बाई साहेबांना म्हणाल्या. "तुमच्या ग्लासात असेल." मग त्यांनी तिला जवळ बोलवलं, पदार्थ विचारायचाय असं दाखवून, आणि हळूच विचारलं, "भीती वाटते?"

"हो."

"मला बुधवारची वाटते," बाई म्हणाल्या. "यांना सांगितलेलं नाही. जा आता, तुमचे मालक बघतायत."

मालकांनी सगळी टेबलं रिकामी होईपर्यंत तिला काही विचारलं नाही. साडेतीनला त्यांनी तिला आतल्या खोलीत बोलवलं. "अकरा दिवस?" ते म्हणाले. "आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काढून टाकलं असतंत."

ते नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे ठेवला. "असतं बहुतेक," ते म्हणाले. "आता काय करायचं ते मला सुचत नाही. तळघराची चावी दे. उद्या अकराला ये, बसून बोलू." तिने जुडग्यातून चावी काढली. कडी घट्ट होती, नख मोडलं. चावी टेबलावर ठेवताना तिला वाटलं आता तरी ते काही म्हणतील, पण ते खिडकीबाहेर बघत होते.

ती चालतच घरी निघाली. चौकात रस्ता खणला होता, माणसं नाकाला रुमाल लावून घाईने पलीकडे जात होती, आणि ती त्यांच्यामधून सरळ चालत होती. पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "अहो, नाक तरी झाका! गटार फुटलंय, मेलं."

"मला वास येत नाही," ती म्हणाली.

"नशीबवान आहात," ती बाई रुमालातून म्हणाली आणि निघून गेली.

घरी नवरा टेबलाशी बसून होता, पुढे छापील कागदांचा गठ्ठा, कानावर पेन्सिल. ती लवकर आलेली पाहून त्याने नुसता हात वर केला. ती चपला न काढता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. जिन्यात तिने वाक्य तयार केलं होतं, आज दोनदा बोलून झालेलंच वाक्य, तरी ते पुन्हा पहिल्यापासून जड झालं होतं.

"ऐक ना."

"एवढी ओळ संपवतो," तो म्हणाला.

"नको संपवूस," ती म्हणाली. "आत्ता ऐक."

त्याने चष्मा काढला आणि वर पाहिलं. तिने अजून एक शब्द सांगितला नव्हता, आणि त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. तिने खुर्ची ओढली, त्याच्या अगदी जवळ बसली, आणि त्याचा हात धरून सांगायला लागली.